कर्जवही आणि आठवड्याचं पाकीट: काही महिने वापरल्यावर काय टिकलं, काय मोडलं

पगार वेळेवर होतो, हप्तेही बहुतेक वेळेवर जातात, आणि तरी वर्षअखेर एकूण देणं वाढलेलंच दिसतं, अशा घरांसाठी ही पद्धत आहे. उत्पन्नच थांबलं असेल तर प्रश्न वेगळा, त्याबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे.

पद्धतीत तीन गोष्टी येतात: सगळी देणी एका जागी मांडणारी कर्जवही, रोजच्या खर्चासाठी आठवड्याचं पाकीट आणि कर्ज फेडण्याचा ठरलेला क्रम. सलग काही महिन्यांच्या वापरानंतरचं मत असं की पद्धत चालते, पण ती सहसा ज्या क्रमाने सांगितली जाते त्या क्रमाने चालत नाही. ‘उरेल तो प्रत्येक पैसा कर्जाकडे वळवा’ हा सल्ला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मोडतो. तोवर वर्षातून एकदाच येणारा एखादा मोठा खर्च समोर येतो, हातात काही नसतं आणि क्रेडिट कार्ड पुन्हा बाहेर निघतं. या खर्चांची सोय आधी आणि जादा फेड नंतर, असा बदल केला की पद्धत टिकते.

कर्जवही

साधी वही किंवा स्प्रेडशीट, दोन्ही चालतं. प्रत्येक देण्यासाठी एक ओळ आणि नऊ रकाने: कुणाचं देणं, आजची शिल्लक, व्याजदर, तो दर सपाट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) आहे की घटत्या शिल्लकेवर, महिन्याची किमान रक्कम, भरण्याची तारीख, उशिराचा दंड, मुदतीआधी फेडल्यास लागणारं शुल्क, तारण किंवा जामीनदार. मित्राकडून घेतलेले पैसे, पगारातली उचल, ‘आता घ्या, नंतर भरा’ प्रकारातले छोटे हप्ते, सगळं यात आलं पाहिजे. हे छोटे हप्तेच बहुधा सुटतात, कारण एकेकटा हप्ता किरकोळ वाटतो. पाच-सहा हप्त्यांची बेरीज एका कर्जाच्या हप्त्याएवढी होते, हे वहीत मांडल्यावरच कळतं.

आकडे आठवणीतून लिहू नयेत. गेल्या तीन महिन्यांची बँकेची आणि कार्डांची विवरणपत्रं समोर ठेवून लिहावेत. त्याच बैठकीत आपोआप नूतनीकरण होणारी सदस्यत्वं रंगीत पेनाने खुणावून घ्यावीत. वर्षाची वर्गणी असलेली सदस्यत्वं तीन महिन्यांच्या कागदांत दिसत नाहीत, त्यासाठी ॲप स्टोअरमधली सदस्यत्वांची यादी वेगळी उघडावी लागते.

सपाट दराचा रकाना अनेकजण गाळतात, आणि क्रम तिथेच चुकतो. १,००,००० चं कर्ज, १२ महिने, सपाट १२ टक्के: व्याज १२,०००, हप्ता ९,३३३. पण हप्त्यागणिक मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर धरलेलं असतं. घटत्या शिल्लकेच्या हिशेबाने हा दर वर्षाला सुमारे २१.५ टक्के पडतो. १८ टक्के घटत्या दराच्या कर्जापेक्षा हे कर्ज महाग आहे, पण कागदावर स्वस्त दिसतं. बिनव्याजी म्हणून दिलेल्या हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क आणि रोखीने घेतल्यास मिळाली असती ती सूट मिळून खरी किंमत निघते. ती काढून मगच दराचा रकाना भरावा.

किमान रक्कम नेमकं काय करते

कार्डाची थकबाकी १,००,००० धरा, व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान रक्कम ५ टक्के. महिन्याला ३ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ४२.६ टक्के. पहिल्या महिन्यात व्याजासकट थकबाकी १,०३,००० होते, ५,१५० भरले की ९७,८५० राहतात. भरलेल्या ५,१५० पैकी कर्ज उतरलं फक्त २,१५० नी. पुढच्या महिन्यात शिल्लक थोडी कमी, म्हणून किमान रक्कमही थोडी कमी. एकही नवी खरेदी न करता असं भरत राहिलं तरी थकबाकी निम्मी व्हायला सुमारे ३२ महिने लागतात आणि तोवर जवळजवळ १,२०,००० भरून झालेले असतात.

आता एकच बदल करा. पहिल्या महिन्याचे ५,१५० तेवढेच धरून ठेवा, बिलावरची किमान रक्कम कितीही घसरो. संपूर्ण थकबाकी ३० महिन्यांत फिटते आणि एकूण सुमारे १,५२,००० जातात. जादा पैसा एकही लावलेला नाही, फक्त हप्ता घसरू दिला नाही. या सगळ्या पद्धतीत एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी, असं ठामपणे वाटतं.

दुसरी बाब बिनव्याजी मुदतीची. कार्डाचं बिल पूर्ण भरलं जात असेल तोवर खरेदीवर काही दिवस व्याज लागत नाही. थकबाकी पुढे ढकलली की बहुतेक कार्डांवर ही सवलत जाते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज धरलं जातं. म्हणजे थकबाकी असलेल्या कार्डावर घेतलेला रोजचा किराणासुद्धा उधारीचा होतो. कार्डावरून रोख काढली तर सहसा बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, वर शुल्क वेगळं. म्हणून थकबाकी असलेलं कार्ड खरेदीसाठी पूर्ण बंद ठेवावं लागतं. ‘थोडंसं वापरू, महिनाअखेर भरू’ हे गणित तिथे बसत नाही.

आठवड्याचं पाकीट

महिन्याचं बजेट करून पाहिलेल्यांना ठाऊक असतं की पहिले दहा दिवस हात सैल सुटतो आणि शेवटचे दहा दिवस ओढाताण होते. आठवड्याच्या पाकिटात चूक सात दिवसांत उघडी पडते आणि छोटी राहते. रोखीची सवय नसेल तर वेगळं बचत खातं आणि त्याचं डेबिट कार्ड हेच पाकीट. पगार मुख्य खात्यात येतो, भाडं आणि हप्ते तिथूनच जातात, आणि दर आठवड्याच्या ठरलेल्या वारी ठरलेली रक्कम पाकिटाच्या खात्यात वळती होते. वार कोणता हे महत्त्वाचं ठरतं: शुक्रवारी भरलेलं पाकीट सुट्टीच्या दोन दिवसांत रिकामं होतं, सोमवारी भरलेलं जास्त टिकतं.

महिन्याच्या रकमेला ४ ने भागू नये. वर्षात ५२ आठवडे असतात, महिन्याला ४ धरले तर ४८ च होतात आणि उरलेल्या ४ आठवड्यांचा खर्च कुठूनतरी उभा करावा लागतो. ४.३३ ने भागावं. महिन्याला २६,००० ठरवले असतील तर आठवड्याला सुमारे ६,०००. पाच आठवड्यांच्या महिन्यात बजेट कोसळतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

नोंद खरेदीच्या दिवशीच करावी, बिल येण्याच्या दिवशी नाही. वस्तू परत केली असेल तर परतावा खात्यात पडेपर्यंत तो पैसा नाही असंच धरावं. परताव्याच्या भरवशावर दुसरी खरेदी होते आणि परतावा आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो, तिथे मेळ बिघडतो.

ॲपमध्ये आणि ब्राउझरमध्ये साठवलेले कार्ड क्रमांक पुसून टाकणं हा बिनखर्चाचा आणि सर्वांत परिणामकारक उपाय वाटला. क्रमांक हाताने टाकावा लागला की मधल्या अर्ध्या मिनिटात बऱ्याच खरेद्या गळून पडतात. गरजेच्या यादीत नसलेली वस्तू कार्टमध्ये टाकून ४८ तास तशीच ठेवायची, हा नियमही चालतो. फक्त विक्रेत्याच्या सूचना बंद करायला हव्यात, नाहीतर त्याच दोन दिवसांत ‘तुमची वस्तू वाट पाहते आहे’ म्हणून सवलतीचे संदेश येत राहतात. कार्डाची मर्यादा कमी करून घेतली तर मर्यादेच्या मानाने वापराचं प्रमाण वाढतं आणि पतगुणांक (क्रेडिट स्कोअर) काही काळ खाली येऊ शकतो. नजीकच्या काळात मोठं कर्ज काढायचं नसेल तर त्याची फिकीर करू नये, मोह कमी होणं जास्त मोलाचं आहे.

वर्षातून एकदा येणारे खर्च

विम्याचा हप्ता, शाळेची फी, वाहनाची दुरुस्ती आणि टायर, दातांचे उपचार, चष्मा, प्रवास, भेटवस्तू, बिघडणारी उपकरणं. यांतला एकही खर्च खऱ्या अर्थाने अचानक नसतो. तारीख माहीत नसते इतकंच, आणि काहींची तर तारीखही माहीत असते. मागच्या बारा महिन्यांची विवरणपत्रं काढून या सगळ्यांची बेरीज करावी. ती ७२,००० आली तर दरमहा ६,००० वेगळ्या खात्यात.

पहिल्या वर्षी मात्र हा सरळ भागाकार पुरत नाही. २४,००० चा विमा हप्ता तीन महिन्यांवर आला असेल तर बारा भाग करून तोवर ६,००० च जमतील. तिथे उरलेल्या महिन्यांनी भागायचं: दरमहा ८,०००. प्रत्येक खर्चासाठी असं केलं की सुरुवातीच्या काही महिन्यांची रक्कम डोळे पांढरे करणारी निघते. त्या काळात जादा फेड शून्य ठेवावी लागली तरी चालेल. किमान रकमा आणि धरून ठेवलेला हप्ता चालू ठेवायचा, बाकी सगळं इकडे. व्याजाच्या हिशेबाने हे थोडं महाग पडतं हे खरं आहे. पण दर चार महिन्यांनी कार्ड पुन्हा उघडणं त्याहून कितीतरी महाग पडतं. याशिवाय अर्ध्या ते एका महिन्याच्या खर्चाएवढी शिल्लक आजारपण किंवा पगाराला उशीर यासाठी अलग ठेवावी.

फेडीचा क्रम

सर्वांत जास्त व्याजाचं कर्ज आधी, की सर्वांत छोटं आधी? पहिल्या मार्गात एकूण व्याज कमी लागतं, यात वाद नाही. दुसऱ्यात एकेक खातं लवकर बंद होतं, तारखा कमी होतात, दंडाची शक्यता घटते. वापरून जमलेला मध्यममार्ग असा: दोन-तीन महिन्यांत संपतील असे छोटे हप्ते आधी संपवायचे, मग दराच्या उतरत्या क्रमाने जायचं. एक कर्ज संपलं की त्याचा हप्ता त्याच महिन्यापासून पुढच्या कर्जाला जोडायचा. मध्ये एक महिना जरी तो पैसा मोकळा राहिला तरी खर्चात विरून जातो.

सगळी कर्जं एका नव्या कर्जात गोळा करण्याआधी दरासोबत मुदतही पाहावी. १,००,००० चं २४ टक्क्यांचं दोन वर्षांचं कर्ज: हप्ता ५,२८७, एकूण व्याज सुमारे २६,९००. तेच १६ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी: हप्ता २,४३२, एकूण व्याज सुमारे ४५,९००. दर उतरला, हप्ता निम्म्याहून कमी झाला आणि व्याज १९,००० नी वाढलं. नव्या कर्जात जुनाच हप्ता भरायची मुभा असेल तरच फायदा. शिवाय रिकामी झालेली कार्डं तशीच खिशात राहिली तर वर्षभरात नवं कर्ज आणि भरलेली कार्डं दोन्ही उभी राहतात, आणि एकत्रीकरण फसतं ते इथेच.

कर्जात जादा रक्कम भरताना ती मुद्दलात जमा करावी असं लेखी सांगायचं. ‘हप्ता कमी करायचा की मुदत?’ असं विचारलं जातं, तेव्हा मुदत कमी करून घ्यावी. काही ठिकाणी जादा भरलेली रक्कम पुढच्या हप्त्याची आगाऊ भरणा म्हणून पडून राहते आणि व्याज तसंच चालू राहतं. पुढचं विवरणपत्र पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

आपोआप भरणा फक्त किमान रकमांसाठी लावावा आणि तारखा पगारानंतर दोन-तीन दिवसांनी आणून घ्याव्यात. बिलाची तारीख बदलून द्या म्हटलं की बऱ्याच ठिकाणी देतात. भरणा फसला तर बँक आणि कर्ज देणारा, दोघंही दंड लावतात. उरलेली रक्कम हाताने भरावी.

घरात दोघं कमावते किंवा खर्च करणारे असतील तर वही दोघांना दिसली पाहिजे. एकाने लपवलेलं एक कार्ड पूर्ण मांडणी खोटी करतं. प्रत्येकाला हिशेब न विचारता खर्चायची छोटी रक्कम दिली की लपवाछपवी बरीच कमी होते.

जिथे ही पद्धत पुरत नाही

किमान रकमांची बेरीजच उत्पन्नात मावत नसेल तर क्रम बदलतो. आधी घर, वीज, पाणी, औषधं, कर, आणि ज्या कर्जापायी घर किंवा कामाचं वाहन जाऊ शकतं ते. बिनतारण कर्जं त्यानंतर, वसुलीचे फोन तिकडूनच जास्त येत असले तरी. हप्ता चुकण्याआधी कर्ज देणाऱ्याला पत्र किंवा ईमेल करून मुदतवाढ मागावी. चुकल्यावर मागणं अवघड जातं. रक्कम सोडून तडजोड होत असेल तर पतअहवालात खातं ‘तडजोडीने मिटवलं’ असं दिसतं, ‘पूर्ण फेडलं’ असं नाही, हे समजून सही करावी.

खरेदी आवरतच नसेल, वस्तू न उघडता पडून राहत असतील, किंवा खर्चाचे झटके झोप कमी होणं आणि अतिउत्साह यांच्यासोबत येत असतील तर वहीला दोष देण्यात अर्थ नाही, मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं. बायपोलर आजाराच्या उन्मादात बेसुमार खर्च हे ओळखीचं लक्षण आहे. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या ‘डेटर्स अनॉनिमस’ या स्वयंसाहाय्य गटाचा भरही नवं बिनतारण कर्ज न घेण्यावर आणि रोजच्या नोंदीवर आहे. तिथे दोन अनुभवी सदस्य बसून आकडे एकत्र पाहतात. दुसऱ्या माणसासमोर वही उघडली की आकडे सुधारायला लागतात, हे इथेही जाणवलं.

शेवटची बाब कार्ड बंद करण्याची. थकबाकी असलेल्या कार्डाची पूर्ण रक्कम भरली तरी बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. ते किरकोळ असतं, म्हणून दुर्लक्ष होतं आणि त्यावर उशिराचा दंड चढतो. बंद करायच्या कार्डाचं पुढचं बिल शून्य आलेलं पाहावं, मगच बंद करायचा अर्ज द्यावा आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्यावा. पतअहवालात ते खातं बंद दिसायला काही आठवडे जातात, त्यानंतरही नाही दिसलं तर तक्रारीसोबत हाच दाखला जोडावा लागतो.