जुन्या असेंबल्ड पीसीवर विंडोज ११ : चालतं, पण आधी मदरबोर्डवरचा सेल बदला

चौथ्या पिढीचा आय५-४५७०, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, २४० जीबीचा साटा एसएसडी, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). नवी पेठेतल्या दुकानांपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या ऑफिसपर्यंत, सोलापुरात अशा जोडणीचे पीसी अजून रोज बिलं काढतायत. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. नावनोंदणी केलेल्या घरगुती मशीनला सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, म्हणजे वर्षभराचीच. विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. या पीसीकडे दोन्ही नाही. तरीही त्यावर विंडोज ११ बसतं, आणि ऑफिसच्या कामाला नीट चालतं. पाचपैकी साडेतीन गुण. दर वर्षी हाताने अपग्रेड करावं लागतं म्हणून एक गुण कापला, आणि अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही म्हणून अर्धा.

आधी मर्यादा. २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना असाव्याच लागतात. कोअर २ ड्युओ आणि क्वाडमध्ये त्या नाहीत. तिथे कुठलीही युक्ती चालत नाही, विंडोज सुरूच होत नाही, तेव्हा त्या मशीनवर वेळ घालवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे एच६१ बोर्ड चालतात, पण बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) यूईएफआय या नव्या पद्धतीचं आहे का ते आधी बघा. आणि हार्ड डिस्कवर हे बसवूच नका. एसएसडी नसेल तर आधी एसएसडी घ्या. एच८१ वर चारपैकी दोनच साटा पोर्ट ६ जीबीपीएसचे असतात, बाकीचे दोन ३ चे. बोर्डवरची छपाई वाचून एसएसडी ६ च्या पोर्टला लावा. कितीतरी मशीनमध्ये तो चुकीच्या पोर्टला लावलेला दिसतो आणि ‘विंडोज ११ स्लो आहे’ अशी तक्रार येते.

बसवायची रीत सरळ आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल उतरवा, ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, रुफस (बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणारा प्रोग्राम) उघडा. पार्टिशन स्कीम जीपीटी, टार्गेट यूईएफआय. स्टार्ट दाबल्यावर एक छोटी खिडकी येते. त्यात रॅम, सिक्युअर बूट आणि टीपीएमची अट काढण्याच्या पर्यायावर टिक करा, लोकल अकाउंटच्या पर्यायावरही टिक करा. मग बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद आणि साटा मोड एएचसीआय. इथे एक हमखास अडचण येते. जीटी २१० सारखं जुनं ग्राफिक कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळी होते, कारण अशा बऱ्याच कार्डांच्या बायोसमध्ये यूईएफआयचा भागच नसतो. कार्ड काढा, केबल बोर्डच्या पोर्टला लावा, डिस्प्ले येतो. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स त्याच बोर्डवर असेल तर नवीन की लागत नाही. ऑनबोर्ड ग्राफिक्सचा ड्रायव्हर विंडोज अपडेट स्वतः उतरवतं. तोपर्यंत ‘बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसेल, घाबरू नका.

आता खऱ्या दुखण्यांकडे. बसवल्यानंतर तीन-चार महिन्यांनी ‘विंडोज उडालं’ म्हणून मशीन दुकानात येतं, तेव्हा विंडोज बहुतेक वेळा शाबूत असतं. गेलेला असतो तो मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल. दहा-बारा वर्षांचा सेल तग धरतो तो केवळ बोर्डला लाइट मिळत राहते म्हणून. लाइट गेली किंवा रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी बायोस फॅक्टरी सेटिंगवर परत. सीएसएम पुन्हा चालू, आणि काही बोर्डांवर साटा मोड एएचसीआयवरून आयडीईवर जातो. मग एकतर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ येतं, नाहीतर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी स्क्रीन. अशा वेळी फॉरमॅट मारणं म्हणजे शुद्ध नुकसान. डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, दोन्ही सेटिंग जागेवर आणा, एफ१० ने सेव्ह करा, विंडोज जसंच्या तसं उघडतं. सेल गेल्याची आणखी एक खूण म्हणजे तारीख काही वर्षं मागे जाते आणि ब्राउझरमध्ये प्रत्येक साइट ‘कनेक्शन प्रायव्हेट नाही’ म्हणते. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्ट किंवा थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली गेला असेल तर बदला. विंडोज बसवण्याआधीच नवा सेल टाकणं उत्तम. बायोसची योग्य सेटिंग एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या वेळी मशीन कुणीही उघडो, त्याला शोधत बसावं लागणार नाही.

दुसरं दुखणं यंत्रमागाचं. कारखान्याला लागून ऑफिस असेल तर हवेत कापसाचा बारीक तंतू असतोच. तो प्रोसेसरच्या फॅनमधून आत ओढला जातो आणि फॅन व हीटसिंकच्या पात्यांच्या मधोमध साठतो. बाहेरून फॅन फिरताना दिसतो, आवाजही येतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. फॅन काढला की खाली करड्या रंगाची नमद्यासारखी गोल चकती असते. कडेला चिमटीत धरून ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघते. नुसता ब्लोअर मारून ती निघत नाही, उलट पात्यांत आणखी दाबली जाते. म्हणून फॅन सुटा करायचा, चकती हाताने काढायची, मग ब्रश, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. हीटसिंक उतरवला तर जुनी वाळलेली पेस्ट पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावा. पुन्हा बसवताना चारही पुश-पिन तिरक्या क्रमाने दाबा आणि बोर्डच्या मागून पाहा. चारपैकी एक पिन अर्धवट बसणं ही नेहमीची चूक आहे. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, त्यात चकती बसलेली असली की प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोचून स्वतःचा वेग कमी करतो. नेमकं त्याच सुमारास विंडोजचं मोठं अपडेट बसत असेल तर मशीन मध्येच बंद पडतं आणि दोष अपडेटवर जातो. खोलीतला उकाडा सोसून कामाच्या भरात प्रोसेसरचं तापमान ८० अंशांच्या आत राहिलं तर ठीक. मागांजवळच्या मशीनची सफाई दर तीन महिन्यांनी करा, इतरत्र वर्षातून एकदा पुरते.

मशीन अचानक रीस्टार्ट होत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं. त्याचा अर्थ एवढाच, की विंडोज नीट बंद न होताच मशीन रीस्टार्ट झालं. त्याच नोंदीच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनच्या चुकीचा क्रमांक) शून्य असेल तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. लाइट, यूपीएसची बॅटरी, एसएमपीएस आणि तापमान हे चार तपासा. एसएमपीएसच्या पिवळ्या तारेवर, मशीन कामात असताना, ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. कोड शून्य नसेल तर आधी रॅम बघा. पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने पुसा, एकेक पट्टी लावून मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या चार फेऱ्या होऊ द्या. एक जरी चूक निघाली तरी ती पट्टी बाद.

सॉफ्टवेअरच्या बाजूला दोन सेटिंग पुरतात. कोअर आयसोलेशनमधली ‘मेमरी इंटेग्रिटी’ चालू असेल तर सातव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर वेग जाणवण्याइतका पडतो, कारण त्या कामाची सोय त्यांच्या हार्डवेअरमध्ये नाही. शिवाय जेकार्ड डिझाइनच्या किंवा मराठी डीटीपीच्या जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगल (पोर्टला लावायची लायसन्सची चावी) याच सेटिंगमुळे ओळखलं जात नाही. बंद केल्याने सुरक्षा थोडी कमी होते, हे लक्षात ठेवूनच बंद करा. दुसरं, फास्ट स्टार्टअप बंद ठेवा. वारंवार लाइट जाणाऱ्या भागात मशीन पूर्ण बंद होऊन पूर्ण सुरू झालेलंच बरं.

दर महिन्याचे सुरक्षा अपडेट सध्या या मशीनवर येतात. वर्षाची मोठी आवृत्ती मात्र आपोआप येत नाही, आणि इथेच बहुतेक जण मागे राहतात. होम आणि प्रोसाठी २३एच२ ची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली, २४एच२ ची १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते, २५एच२ ची १२ ऑक्टोबर २०२७ ला. २४एच२ आणि २५एच२ चा पाया एकच, त्यामुळे तेवढी उडी छोट्या पॅकेजने होते. पुढच्या मोठ्या आवृत्तीला पुन्हा रुफसने पेनड्राइव्ह बनवा (४.६ किंवा नंतरची आवृत्ती घ्या, तिच्यात अपग्रेडचीही सोय आहे) आणि चालू विंडोजमधूनच त्यावरचं सेटअप चालवा. फाइल आणि प्रोग्राम ठेवण्याचा पर्याय निवडा. सी ड्राइव्हवर ३० जीबी मोकळे ठेवा. टॅलीचा डेटा आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क सोडवून बाजूला ठेवल्यावरच सेटअप सुरू करा.

गेम खेळणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो, तो या मशीनवर चालणार नाही. फक्त त्यासाठी पीसी घेणार असाल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचाच बघा.