खोली प्रशस्त, कामाचा हिशेब तोकडा

या हॉटेलातील खोली प्रशस्त आहे, नाश्ता बरा आहे. त्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे नाही. प्रवेशद्वाराबाहेर मात्र हाउसकीपिंगच्या महिला फलक घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचे म्हणणे ऐकल्यावर सेवेतील उणिवांचे कारण उमगले. व्यवस्थापनाने रोजची सफाई बंद करून ती पाहुण्याने मागितली तरच देण्याचे ठरवले आहे आणि या काटकसरीला पर्यावरणस्नेही धोरण असे गोंडस नाव दिले आहे. परिणामी, कित्येक दिवस न झाडलेली खोली पाहुणा गेल्यावर आवरताना कष्ट वाढतात, जड गाद्या उचलून चादरी बदलाव्या लागतात, तरीही एका पाळीत उरकायच्या खोल्यांची संख्या तेवढीच राहते. पॅरिसमधील इबिस बातिन्योल हॉटेलच्या सफाई कामगारांनी २०१९ ते २०२१ या काळात दीर्घ लढा देऊन तासाला करायच्या खोल्यांचे प्रमाण कमी करून घेतले होते. तेव्हा एका पाळीतील खोल्या कमी करण्याची येथील महिलांची मागणी अव्यवहार्य मुळीच नाही. स्नानगृहातील ओले टॉवेल दुसऱ्या दिवशीही तसेच होते, याचा दोष मी त्या महिलांना देत नाही. गुण व्यवस्थापनाचे कापले आहेत: पाचपैकी दोन.