"आजोबांचा मिलिटरीतला टॉर्च" कोणी विकत असेल तर घेण्याआधी हे वाचा (ठाणे)

ठाणे-नवी मुंबईत जुने टॉर्च गोळा करणाऱ्यांनी जरा लक्ष द्या. सध्या एक माणूस फिरतोय, वय पस्तीस-चाळीस, बोलायला एकदम गोड, दर वाक्याला दादा. विकायला असतो तीन सेलवाला लांब पितळी एव्हरेडी, आणि सोबत गोष्ट: १९४२ चा आहे, आजोबा मिलिटरीत होते, डोंबिवलीचं घर रिडेव्हलपमेंटला गेलं म्हणून काढतोय, नाहीतर कध्धी विकला नसता.

मला व्हॉट्सअ‍ॅपवर भेटला. साडेसहा सांगितले, पाच हजारावर आला. भेटायचं ठाणे स्टेशनला ईस्टला, संध्याकाळच्या गर्दीत. पेपरात गुंडाळलेला टॉर्च काढला, बटण सरकवलं आणि काय तो उजेड, समोरच्या रिक्षावाल्याने शिवीच घातली. मी झाकण फिरवायला गेलो तर म्हणतो, "दादा इथे नका खोलू, स्प्रिंग उडाली तर या गर्दीत सापडणार नाही." बोलणं पटण्यासारखंच होतं. जीपे केलं, तो गेला.

घरी नवीन सेल टाकले, जरा वेळ झगझगीत पेटला आणि बल्ब उडाला. बल्बच्या कडेला बारीक अक्षरात २.५ व्होल्ट लिहिलेलं, म्हणजे दोन सेलचा बल्ब. तीन सेलचे होतात साडेचार व्होल्ट, त्यामुळे तो पांढराफटक पेटतो आणि थोड्याच वेळात मरतो. गिऱ्हाईकासमोर पेटण्यापुरता जगला की त्याचं काम झालं. डोकं आहे बाबा माणसाला.

मग सगळं खोललं. पुढच्या रिंगचे आटे नळीच्या आट्यांशी जुळतच नव्हते, ढिलं लागू नये म्हणून आत पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली, नळाला प्लंबर लावतो तीच. म्हणजे मुंडकं एका टॉर्चचं, नळी दुसऱ्याची. नळी पितळी पण नाही, लोखंडी, वरून ताजं क्रोम. (लोहचुंबक लावून बघा, पण पितळेवर निकेल असेल तरी चुंबक हलकंसं ओढतं, म्हणून तेवढ्यावर विश्वास नको. झाकण काढून आतली कड जराशी खरवडा, पिवळं दिसलं पाहिजे.) वागळे इस्टेटमध्ये माझ्या ओळखीचे एक बफिंगवाले काका आहेत, ते तर हातात घेताच म्हणाले हे पॉलिश नवीन आहे, जुन्या निकेलला पिवळसर झाक असते, हे निळसर मारतंय.

खरी मजा बुडाच्या झाकणात. तिथे जाड चंदेरी रंग होता, थिनर लावला तर खाली एमसील, ते टोकरून काढलं तर कोरलेली अक्षरं दिसायला लागली, युनियन कार्बाइड इंडिया. आता कंपनीचं हे नाव झालं १९५९ मध्ये, त्याआधी नॅशनल कार्बन होतं. आजोबा १९४२ मध्ये हे झाकण कुठून आणणार? चीड याची येते की झाकण अस्सल आहे, पितळी आहे, खरं सांगून विकलं असतं तरी मी आनंदाने चांगले पैसे दिले असते.

फोन अर्थात बंद. चौकीत म्हणाले, माल हातात घेऊन बघितलात ना? सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरवर फोन केला, ऑनलाइन तक्रार टाकली, अजून तरी काही हललेलं नाही. पण ग्रुपवर फोटो टाकले तर ऐरोलीचा एक जण आणि कळव्याच्या एक ताई पुढे आल्या, दोघांकडे तेच आजोबा! एका माणसाने मिलिटरीत असे किती टॉर्च वापरले असतील. तिघांना आलेल्या फोटोत टॉर्च एकच, चकाचक आणि बहुतेक खरा, मागे तीच कोपरा तुटलेली हिरवी फरशी. म्हणजे फोटो त्या टॉर्चचे, हातात मिळतो दुसराच.

त्यामुळे कोणी असा टॉर्च दाखवला तर भेटायचं कुठे ते तुम्ही ठरवा, एखाद्या हॉटेलात टेबलावर बसून, सेल काढून, दोन्ही टोकं उघडून बघा, बुड नखाने खरवडा. खोलू देत नसेल तर चहा पिऊन निघा. पैसे ज्या खात्यात गेले त्यावरचं नाव त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळं होतं, तेही पाठवायच्या आधी वाचा.

तक्रारीला जोडायला स्क्रीनशॉट कोणाला हवा असेल तर मेसेज करा. आणि तीन सेलच्या जुन्या एव्हरेडीची पितळी नळी कोणाकडे पडून असेल तर तेही सांगा, झाकण आहे माझ्याकडे.