अध्यादेश की जीआर?

हिवाळी अधिवेशनात नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या चहाटपरीवर हमखास ऐकू येतं, "सरकारनं अध्यादेश काढला ना भाऊ!" निघालेला असतो बहुधा जीआर, म्हणजे शासन निर्णय. त्याखाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं छापलेलं असतं, सही मात्र मंत्रालयातल्या अधिकाऱ्याची. घोळ तिथंच होत असावा.

अध्यादेश हा कायद्याच्याच ताकदीचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद 213 नुसार तो राज्यपाल काढतात आणि दोन्ही सभागृहांचं अधिवेशन चालू असताना तो काढताच येत नाही. म्हणजे टपरीवरची बातमी तिथंच बाद! पुढं अधिवेशन भरलं, की सहा आठवड्यांत कायद्यात रूपांतर व्हावं लागतं; नाहीतर गळतो. जीआरला ही मुदत नाही, पण त्यानं कायदा बदलत नाही.