भेरूघाट उतरताना नवी स्विफ्ट एएमटी

इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत डाव्या पायाला आराम हवा असेल, तर २०२४ची स्विफ्ट एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप बदलणारी, बेलाशक घ्या. खरी परीक्षा रविवारी ओंकारेश्वरला निघाल्यावर होते. सिमरोल मागे पडलं, भेरूघाटाचा उतार लागला की गिअरबॉक्सचा स्वभाव कळतो.

लिव्हर डीवर (आपोआप गिअर) ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की गिअरबॉक्स वरचाच गिअर धरून बसतो. बाराशे सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी फारशी आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक दाबून धरले की तापतात, जळका वास येतो आणि तितक्याच दाबाला गाडी थांबेनाशी होते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर सोडणारे तर धन्यच! गिअरमध्ये पाय उचलल्यावर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद होतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायलाच पेट्रोल जळतं.

म्हणून उतार लागण्याआधीच लिव्हर एमवर (हाताने गिअर) घ्या. वळण दिसलं की गाडी सरळ असतानाच ब्रेक मारून वेग चाळिशीच्या आत आणा, दुसरा टाका, आणि गिअर नीट बसल्यावरच स्टिअरिंग फिरवा. हा क्रम मोडू नका. एएमटीत गिअर बदलताना क्लच क्षणभर सुटतो आणि पुन्हा जुळताना झटका बसतो. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, त्यामुळे इंजिनाचा अटकाव फक्त पुढच्या चाकांना. पावसात हाच झटका भर वळणात बसला तर पुढची पकड सुटते आणि गाडी वळायचं सोडून सरळ बाहेर जाऊ पाहते. कोरड्या रस्त्यावर, वेगात, पाय एकदम उचललात तर वजन पुढे येतं, नाक आत घुसतं आणि हलकी झालेली मागची बाजू बाहेर फेकली जाते. घसरती गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा सगळ्या मॉडेलांत आहे, पण टायरातच नसलेली पकड ती कुठून आणणार? वळणात वेग टिकेल इतकाच पाय ठेवा, स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की वाढवा.

इंजिनाने वेग कमी होतो तेव्हा ब्रेकलाइट लागत नाही. मागे ट्रक असेल तर ब्रेकच्या पेडलला पाय नुसता टेकवा.

दर आठवड्याला घाट असेल तर मॅन्युअलच बरी. क्लच सोडण्याआधी थोडी रेस देऊन झटका टाळणं तिथे आपल्या पायात असतं.