एमएसपी चॅलेंज : सागरी नियोजन शिकवणाऱ्या खेळाचे परीक्षण

समुद्राच्या वापराची आखणी करताना शेजारी देशांना एकमेकांशी का बोलावे लागते, हे वर्गात समजावून सांगण्यासाठी ‘एमएसपी चॅलेंज’ (एमएसपी म्हणजे ‘मेरिटाइम स्पेशियल प्लॅनिंग’, सागरी क्षेत्र नियोजन) या संगणकीय खेळाइतके उपयुक्त साधन माझ्या पाहण्यात नाही. नेदरलँड्समधील ब्रेडा युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेसने तो विकसित केला आहे. तो विनामूल्य मिळतो आणि त्याचा सोर्स कोडही खुला आहे. उत्तर समुद्र, बाल्टिक समुद्र आणि स्कॉटलंडमधील क्लाइड अशा त्याच्या आवृत्त्या आहेत; हे परीक्षण उत्तर समुद्राच्या आवृत्तीचे आहे.

खेळाडूंचा प्रत्येक गट एका देशाचा कारभार पाहतो. पाण्याची खोली, जहाजांची वर्दळ, पाइपलाइन, केबल, संरक्षित क्षेत्रे असे नकाशाचे थर प्रत्यक्ष माहितीवर बेतलेले असतात आणि 2050पर्यंतची आखणी गटांना करायची असते. पडद्यामागे जहाजवाहतूक, ऊर्जा आणि परिसंस्था यांची सिम्युलेशन चालू असतात. परिसंस्थेसाठी तर ‘इकोपाथ विथ इकोसिम’ हे सागरी संशोधकांच्या रोजच्या वापरातले प्रतिमानच जोडलेले आहे. त्यामुळे आपण आखलेल्या पवनऊर्जा क्षेत्राला जहाजे वळसा घालू लागली, की ती वर्दळ शेजाऱ्याच्या हद्दीत कुठे दाटते, हे नकाशावर लगेच दिसते.

या खेळाचा खरा प्राण मात्र मान्यतेच्या टप्प्यात आहे. आराखडा आधी आखायचा, मग सल्लामसलतीसाठी खुला करायचा आणि त्यानंतर मान्यतेसाठी पाठवायचा असा क्रम असतो. आखलेली रेघ दुसऱ्या देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे ज्या सागरी पट्ट्यातील साधनसंपत्तीवर त्या देशाचा हक्क असतो त्यात शिरली, तर त्या गटाच्या होकाराशिवाय आराखडा पुढे सरकत नाही. मी घेतलेल्या एका सत्रात डेन्मार्कच्या गटाने एक केबल जर्मन क्षेत्रातून सरळ नेली होती. जर्मन गटाला त्याच पट्ट्यात वाळू उपसायची असल्याने त्याने मान्यता रोखली. बराच वेळ दोन्ही गट आपापल्या पडद्यांकडे पाहत बसले आणि अखेर एक विद्यार्थिनी उठून पलीकडच्या टेबलापाशी गेली. केबल वळवण्याच्या बदल्यात विजेतला वाटा, असा तोडगा तिथेच निघाला. माझ्या व्याख्यानांनी हे कधी साधले नसते.

असे करार प्रत्यक्षातही होतात. बाल्टिकमधल्या क्रीगर्स फ्लाक या उथळ भागावर डेन्मार्क, जर्मनी आणि स्वीडन यांच्या हद्दी भिडतात. तिथले डॅनिश पवनक्षेत्र आणि जर्मनीची ‘बाल्टिक 1’ व ‘बाल्टिक 2’ ही क्षेत्रे 400 मेगावॅट क्षमतेच्या दुव्याने जोडली गेली आणि 2020मध्ये त्याचे उद्घाटन झाले. स्वीडननेही सुरुवातीला या योजनेत रस घेतला होता, पण 2010मध्येच तो बाहेर पडला. खेळातही एखादा गट असाच मध्येच माघार घेतो आणि उरलेल्यांना सगळी मांडणी नव्याने करावी लागते.

माझा मुख्य आक्षेप घड्याळाबद्दल आहे. खेळात सर्व देश एकाच वेळी नियोजनाला बसतात आणि सर्वांचे वर्ष एकदमच संपते. युरोपीय संघाच्या 2014च्या निर्देशाने सदस्य देशांना आराखड्यांसाठी 31 मार्च 2021 ही समान मुदत दिली होती हे खरे; परंतु जर्मनीचे अनन्य आर्थिक क्षेत्राचे पहिले आराखडे 2009चे आहेत, तर स्वीडनचे आराखडे थेट 2022मध्ये मंजूर झाले. एकाचा नकाशा कायदा बनून गेलेला आणि दुसऱ्याचा अजून मसुद्यात, ही सीमापार सहकार्यातली सर्वांत चिवट अडचण खेळात जाणवतच नाही. जहाजमार्गांचेही तसेच. 2013मध्ये नेदरलँड्सच्या किनाऱ्यालगतचे मार्ग बदलले, तेव्हा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची संमती घ्यावी लागली होती. खेळात मात्र टेबलाभोवतीच्या गटांचे एकमत पुरते. मच्छीमारही इथे आकड्यांपुरतेच उरतात आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

तांत्रिक बाजूने पाहता, आयोजकाला सर्व्हर स्वतः उभा करावा लागतो आणि तेवढी जाण असलेला माणूस हाताशी नसेल, तर सुरुवातीलाच दमछाक होते. ऊर्जेच्या जाळ्याची आखणी नवख्यांना किचकट वाटते, म्हणून त्यासाठी वेगळे सराव सत्र ठेवावे. अर्ध्या दिवसात सगळे उरकण्याचा हट्ट धरल्यास वाटाघाटींनाच कात्री लागते.

भारतात पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप येथे नॉर्वेच्या सहकार्याने सागरी क्षेत्र नियोजनाचे प्रायोगिक काम हाती घेतले गेले आहे. या विषयाचे शिक्षण देणाऱ्या आपल्याकडील संस्थांनी हा खेळ जरूर वापरावा. मात्र आयोजकाने एका गटाला मुद्दाम उशिरा प्रवेश द्यावा आणि मच्छीमारांच्या प्रतिनिधीची भूमिका एखाद्या विद्यार्थ्याकडे सोपवावी. सॉफ्टवेअरला हात न लावताही या दोन उणिवा बऱ्याच अंशी भरून निघतात.