तेल देण्याआधी मॅन्युअल मागणारं उद्यमनगरातलं दुकान

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि वेल्डिंगच्या गाळ्यांच्या रांगेत एक गाळा फक्त गाड्यांच्या तेलाचा आहे. पाटीचा रंग उन्हानं पार उडालाय. आजूबाजूचे मिस्त्री ‘तेलवाले काका’ एवढंच सांगतात आणि माणूस बरोबर पोचतो. गेल्या दोन वर्षांत मी तिथे पाच वेळा गेले. गाडी चालवणाऱ्या माझ्या प्रत्येक मैत्रिणीला मी हा पत्ता दिलाय.

पहिल्यांदा गेले ती घाबरलेल्या अवस्थेत. माहेर कणकवलीचं, त्यामुळे राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट ही माझी नेहमीची वाट. गाडी २०१३ ची पेट्रोल स्विफ्ट. मे महिन्यात घाट उतरताना निम्म्यावर ब्रेकचं पेडल एकदम मऊ पडलं. दाबलं की नुसतं खाली जात होतं, गाडी धरत नव्हती. दुसरा गियर टाकला, पेडल पुन्हा पुन्हा दाबत राहिले, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला लावली. मागच्या सीटवर मुलगा झोपला होता, तो उठलाही नाही. माझे पाय मात्र कितीतरी वेळ थरथरत होते. अर्ध्या-पाऊण तासानं पेडल पुन्हा पहिल्यासारखं घट्ट झालं. याचा मला जास्तच धक्का बसला, कारण बिघाड कुठे दाखवायचा तेच कळेना.

काकांनी सगळं ऐकून घेतलं, बॉनेट उघडायला लावलं आणि टॉर्च मारून ब्रेक ऑइलच्या डबीत बघितलं. नवीन ब्रेक ऑइल फिकट पिवळसर असतं, माझं चहाच्या रंगाचं झालं होतं. ‘शेवटचं कधी बदललंय?’ घरी येऊन पाच वर्षांची सर्व्हिसिंगची बिलं चाळली. ज्या गॅरेजला मी गाडी टाकायची तिथल्या एकाही बिलात ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद नव्हती. दर खेपेला नुसतं ‘टॉप-अप’. हे साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि याचा मला आजही राग आहे.

काकांनी समजावलं ते असं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ३ या प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात सतत ब्रेक दाबून उतरलं की चाकापाशी प्रचंड उष्णता होते, तेल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल पोकळ लागतं. गार झालं की वाफेचं परत तेल आणि पेडल पुन्हा घट्ट. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात, तर तेल धरणारच.

माझ्या डबीच्या टोपणावर डॉट ३ लिहिलं होतं. काका म्हणाले, घाट नेहमीचा असेल तर डॉट ४ घ्या, दोन्ही एकाच जातीची आहेत, फक्त जुनं सगळं काढून टाका. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं तेल येतं, आकडा मोठा बघून ते उचलू नका, हेही बजावलं. शेजारच्या मिस्त्रीनं चारही चाकांपाशी जुनं तेल काढून नवं भरलं. त्यानंतर तो घाट मी सात वेळा उतरलेय, आता खालच्या गियरमध्ये, आणि पेडल एकदाही मऊ पडलं नाही.

इंजिन ऑइलचं पुढच्या खेपेला निघालं. सकाळी गाडी चालू करताना टकटक आवाज येई. जुन्या बिलावर २०डब्ल्यू-५० लिहिलं होतं. काकांनी मॅन्युअल मागितलं, मी घरून घेऊन आले. त्यात ५डब्ल्यू-३० होतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, तो आकडा जितका कमी तितकं तेल गार असताना लवकर धावतं. काका म्हणाले, ‘थंडीत बरणीतली काकवी ओतून बघा, म्हणजे कळेल.’ गुऱ्हाळाच्या मुलखात यापेक्षा सोपं कसं सांगणार! दुसरा आकडा इंजिन तापल्यावरच्या दाटपणाचा. जाड तेल म्हणजे इंजिनाला जास्त संरक्षण, हा समज माझाही होता. पण बारीक फटींच्या इंजिनात सकाळी तेल वेळेवर पोचलंच नाही तर त्या जाडीचा उपयोग काय?

डब्यामागे एपीआयची, म्हणजे तेलाची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, अक्षरं बघायची हेही तिथेच शिकले. पेट्रोलसाठी एस, पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं नवं मानक. एसपी २०२० मध्ये आलं. ग्रेड आणि मानक जुळलं की कॅस्ट्रॉल, शेल, सर्वो, माक यातलं काहीही घ्या, असं त्यांचं म्हणणं. मी कॅस्ट्रॉल मॅग्नाटेक घेतलं. सकाळचा आवाज बराच कमी झाला. सोबत मी इंजिनात घालायची एक औषधी बाटली उचलली होती, ती त्यांनी हातातून काढून परत फळीवर ठेवली. ‘हे कशाला घेतायसा? चांगल्या तेलात लागतं ते सगळं असतंय.’ विकणारा माणूस स्वतः नको म्हणतोय, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रावण, मी रंगावरून मागितलं होतं, हिरवं. रंगावर जाऊ नका, मॅन्युअलमधला प्रकार बघा, म्हणाले, आणि नळाचं पाणी न मिसळता तयार मिश्रण दिलं. गियर ऑइल दिलं ते जीएल-४ प्रकारचं. जीएल-५ बऱ्याच गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना मानवत नाही. भावाच्या बीएस६ डिझेल गाडीसाठी त्यांनी आधी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे का विचारलं आणि मगच कमी राखेचं तेल काढलं.

एक सवय फार आवडली. सील तुम्हालाच तोडायला लावतात, आणि तेल भरून झालं की रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडतात, म्हणजे तो डबा बनावट तेल भरणाऱ्यांच्या हाती लागला तरी कामाचा नाही. काढलेलं जुनं तेल गटारात जात नाही, मागच्या ड्रममध्ये साठवून रिसायकलिंगला देतात.

गैरसोयी आहेत. गाडी लावायला जागा नाही, दुपारी दीड ते चार दुकान बंद, सोमवारी पूर्ण सुट्टी. ऑनलाइनपेक्षा माझ्या तेलाला दीडशे रुपये जास्त पडले. तेल भरायला शेजारच्या मिस्त्रीची वेळ आधी ठरवावी लागते. जाताना मॅन्युअल न्या. नसेल तर निदान बॉनेट उघडून टोपणांवरच्या अक्षरांचा फोटो काढून ठेवा, काका पहिल्यांदा तोच मागतात.